पट्टी की प्राणवायू? न भरणाऱ्या एका जखमेचा पाच शतकांचा इतिहास

१/२५
इ.स. १५५३. उत्तर फ्रान्समधील एदँ हा किल्ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेच्या हाती पडला. किल्ल्यात सापडलेल्या फ्रेंच बंद्यांमध्ये आंब्रवाझ पारे नावाचा एक शल्यचिकित्सक होता. ऐपतदार बंद्याने खंडणी भरून सुटावे, बाकीच्यांनी नशिबावर हवाला ठेवावा, असा तो काळ. पारेची सुटका मात्र खंडणीने झाली नाही, तलवारीनेही झाली नाही. ती झाली शत्रूपक्षातील एका सरदाराच्या पायावरील जखमेमुळे.

२/२५
ग्राव्हलीनचा गव्हर्नर व्होदव्हिल याच्या पायावर कित्येक वर्षे एक व्रण वाहत होता. अनेक वैद्यांनी हात टेकले होते. पारेने जखम साफ केली, औषध लावले आणि पावलापासून सुरुवात करून गुडघ्यापर्यंत पट्टी घट्ट गुंडाळली. व्रण भरू लागला. कृतज्ञ गव्हर्नरने पारेला खंडणी न घेता सोडून दिले. पारेने ही हकीकत पुढे आपल्या प्रवासवर्णनात स्वतःच लिहून ठेवली.

३/२५
या कथेतील महत्त्वाचा तपशील औषधाचा नाही, पट्टीचा आहे. ती जखमेपुरती बांधलेली नव्हती. पावलापासून वर चढत नेलेली होती. आज या प्रकारच्या जखमेवर जगभर जो मूलभूत उपचार केला जातो, त्याचे सूत्र हेच आहे. मात्र पट्टी नेमके काय करते, हे पारेला ठाऊक असणे शक्य नव्हते. रक्त शरीरात फिरते, हे विल्यम हार्वेने सिद्ध केले ते १६२८ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर ७५ वर्षांनी.

४/२५
आधी ही जखम समजून घेतली पाहिजे. पायातील अशुद्ध रक्ताला हृदयाकडे परतताना गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि शिरांतील रक्त वर ढकलतात. शिरांमधील झडपा ते खाली घसरू देत नाहीत. या झडपांचे सविस्तर वर्णन हार्वेचे गुरू फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे हार्वेने आपल्या सिद्धान्तासाठी याच झडपांचा पुरावा वापरला.

५/२५
माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांतील दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. निरोगी पायात चालू लागताच तो झपाट्याने उतरतो. झडपा निकामी झाल्या, किंवा शिरेत गुठळी होऊन मार्ग अडला, तर चालतानाही दाब चढाच राहतो. मग पाय सुजतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, कडक होते आणि एखाद्या क्षुल्लक ओरखड्यातून व्रण उघडतो. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे भरत नाही. यालाच शिराजन्य व्रण म्हणतात.

६/२५
उभे राहणे या व्रणाला मारक आहे, हे प्राचीनांच्या नजरेतून सुटले नव्हते. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत पायावर व्रण असलेल्याने उभे राहू नये, असा सल्ला आहे. भारतात सुश्रुतसंहितेने व्रणांवरील साठ उपक्रम सांगितले आणि पट्ट्यांचे, म्हणजे ‘बंधां’चे, चौदा प्रकार नोंदवले. त्यांतील ‘अनुवेल्लित’ हा वेढे देत जाणारा बंध हातापायांसाठी आहे. बंध किती आवळावा याच्याही गाढ, सम आणि शिथिल अशा तीन पायऱ्या सुश्रुताने शरीराच्या भागांनुसार ठरवून दिल्या आहेत.

७/२५
सुश्रुताला शिरांतील दाब ठाऊक होता, असे यावरून म्हणणे अनैतिहासिक ठरेल. त्याची मांडणी दोषांची आहे. परंतु पट्टीचा ताण ही मोजूनमापून ठरवण्याची बाब आहे, हे भान त्या ग्रंथात स्पष्ट दिसते. इतिहासात अनेकदा असे घडते की हाताला जे कळलेले असते त्याचे कारण बुद्धीला फार उशिरा सापडते.

८/२५
युरोपात मात्र एक सिद्धान्त हाताच्या आड येत राहिला. गेलनच्या परंपरेनुसार शरीरातील दूषित रस, विशेषतः काळे पित्त, पायावरील व्रणातून बाहेर पडते, असे मानले जाई. मग व्रण बंद करणे म्हणजे विष आत कोंडणे! त्यामुळे जुना व्रण वाहता ठेवावा, असे मत शतकानुशतके टिकून राहिले. भरू शकणारी जखम उघडी ठेवली गेली ती निष्काळजीपणाने नव्हे, तर विद्वत्तेमुळे.

९/२५
१६७६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा शल्यचिकित्सक रिचर्ड वाइजमन याने आपले ग्रंथ प्रसिद्ध केले. फुगलेल्या शिरा आणि पायाचा व्रण यांचा संबंध त्याने जोडला आणि ‘व्हेरिकोज अल्सर’ ही संज्ञा रूढ केली. उपचारासाठी त्याने चामड्याचा, नाडीने आवळता येणारा मोजा वापरला. पट्टी दिवसभरात सैल पडते. नाडी मात्र पुन्हा ओढता येते. दाब द्यायचा एवढेच पुरेसे नाही, तो टिकवायचाही असतो, ही जाण या मोज्यात आहे.

१०/२५
अठराव्या शतकात हा रोग कोणाचा होता? खलाशांचा, सैनिकांचा, मजुरांचा, दिवसभर उभ्याने राबणाऱ्या स्त्रियांचा. महिनोन्महिने खाटेवर पडून राहणे हा प्रचलित उपाय होता आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला तो परवडणारा नव्हता. वैद्यकीय प्रतिष्ठाही या कामात नव्हती. दुर्गंधी येणारी, वाहणारी, पुन्हा पुन्हा उघडणारी ही जखम नामांकित शल्यचिकित्सकांना आपल्या कौशल्याला साजेशी वाटत नसे.

११/२५
या पार्श्वभूमीवर १७९७ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. ब्रिस्टल शहरातील टॉमस बेंटन या शल्यचिकित्सकाने जुन्या व्रणांवरील एका नव्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. चिकट लेपाच्या पट्ट्या व्रणाच्या वरखाली पायाभोवती एकमेकींवर किंचित चढवत ओढून लावायच्या आणि त्यावर कापडी पट्टी गुंडाळायची. त्याचा सर्वांत मोठा दावा असा, की रुग्णाने अंथरुण धरण्याची गरज नाही. त्याने हिंडावे, फिरावे, काम करावे. हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही बाब व्रण भरण्याइतकीच मोलाची होती.

१२/२५
योगायोग असा, की त्याच ब्रिस्टलमध्ये दोनच वर्षांनी, १७९९ मध्ये, या इतिहासाचा दुसरा धागा सुरू झाला. जोसेफ प्रिस्टलेने १७७४ मध्ये प्राणवायू वेगळा केला होता आणि लाव्हाझिएने त्याला ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले होते. नव्या वायूंनी रोग बरे करता येतील, या आशेने टॉमस बेडोझ याने ब्रिस्टलमध्ये ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ उघडली. उपकरणे वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटने आखलेली होती आणि प्रयोगशाळा सांभाळणारा हम्फ्री डेव्ही तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता.

१३/२५
ही संस्था फार काळ टिकली नाही. तिचा मोठा वारसा म्हणजे नायट्रस ऑक्साइडवरील डेव्हीचे संशोधन. प्राणवायूने रोग हटतील, ही बेडोझची आशा मात्र त्याच्या हयातीत फळली नाही. एकाच शहरात, एकाच दशकात एकीकडे चिकट पट्टी आणि दुसरीकडे प्राणवायू. पट्टीपाशी परिणाम होता, पण त्याचे नेमके स्पष्टीकरण नव्हते. वायूपाशी आकर्षक स्पष्टीकरण होते, पण परिणाम नव्हता. पुढील दोनशे वर्षांचा वाद या विरोधात बीजरूपाने दिसतो.

१४/२५
एकोणिसाव्या शतकाने पट्टीला नवी सामग्री दिली. चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८४४ मध्ये मिळवले आणि काही वर्षांतच लवचिक मोजे आले. शतकाच्या अखेरच्या दशकांत हॅम्बुर्गच्या पाउल उन्ना या त्वचारोगतज्ज्ञाने जस्ताचे भस्म, जिलेटिन आणि ग्लिसरीन यांच्या लेपात भिजवलेली पट्टी प्रचारात आणली. ती वाळली की पायाभोवती जणू बूटच तयार होई. ‘उन्ना बूट’ हे नाव आजही रुग्णालयांत ऐकू येते.

१५/२५
निदानही बदलत होते. १८६८ मध्ये इंग्लंडमधील जॉन गे आणि जॉन स्पेंडर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की वरून दिसणाऱ्या फुगीर शिरा नसतानाही असा व्रण होतो. खोल शिरांतील गुठळ्याही त्याला कारणीभूत असतात. १८९१ मध्ये फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्गने मांडीतील मोठी उपरी शीर बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. म्हणजे विसावे शतक उजाडेपर्यंत दोन उपाय हाती होते: बाहेरून दाबणे आणि आतून गळका मार्ग बंद करणे.

१६/२५
मग प्राणवायू पुन्हा कसा आला? १९१७ मध्ये बोस्टनच्या जॉन होमन्सने असा विचार मांडला, की फुगलेल्या शिरांत रक्त साचून राहते, त्यातील प्राणवायू संपतो आणि उपाशी पडलेली कातडी मरते. कल्पना सोपी होती आणि पटणारी होती. १९२९ मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉकने तिची परीक्षा घेतली. त्याने फुगीर शिरांतील रक्तातला प्राणवायू प्रत्यक्ष मोजला. तो कमी असण्याऐवजी जास्तच आढळला!

१७/२५
एका मोजमापाने सिद्धान्त सहसा मरत नाही. रक्तात प्राणवायू असेल, पण तो कातडीपर्यंत पोहोचत नसेल तर? १९८२ मध्ये लंडनच्या नॉर्मन ब्राउज आणि केविन बर्नंड यांनी हेच सुचवले. शिरांतील चढ्या दाबामुळे सूक्ष्म केशवाहिन्यांतून फायब्रिनोजेन बाहेर झिरपते, तिच्याभोवती फायब्रिनचे वेष्टन तयार होते आणि ते प्राणवायूला अडवते, असे त्यांचे म्हणणे होते. वेष्टन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही होते. पण ते प्राणवायूला खरोखर अडवते का, यावर वाद सुरू झाला. १९८८ मध्ये केशवाहिन्यांत अडकून दाह माजवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा पर्यायी सिद्धान्त पुढे आला.

१८/२५
दरम्यान प्राणवायू देण्याची साधने तयार झाली होती. ॲमस्टरडॅमच्या इटे बूरेमा याने १९६० मध्ये एक थक्क करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दाबाच्या कक्षात ठेवलेली डुकरे तांबड्या पेशी जवळजवळ नसतानाही जगली, कारण वाढत्या दाबामुळे प्राणवायू थेट रक्तद्रवात विरघळला. या कक्षांतून पुढे वायुकोथासारख्या घातक संसर्गांवर उपचार झाले. १९६९ मध्ये फिशर या अमेरिकी वैद्याने निराळी वाट धरली: सारे शरीर कक्षात न घालता फक्त जखमेवर प्राणवायू सोडायचा. त्याचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये आला.

१९/२५
तत्त्वतः या मार्गाला आधार होता. जखम भरताना तयार होणाऱ्या कोलॅजेनला प्राणवायू लागतो. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही तो लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमस हंट यांच्या गटाने हे अनेक वर्षे अभ्यासले. पण त्याच गटाच्या संशोधनातून दुसरी बाजूही दिसली: प्राणवायूची कमतरता ही नव्या केशवाहिन्या फुटण्याची हाकसुद्धा असते. तेव्हा ‘जितका अधिक तितका चांगला’ असे सरळ गणित येथे लागू पडत नाही.

२०/२५
पट्टीच्या बाजूलाही एक विलक्षण माणूस उभा राहिला. अमेरिकेतील टोलेडो शहरात राहणारा जर्मन वंशाचा अभियंता कॉनराड जॉब्स्ट स्वतः या व्रणांनी ग्रासलेला होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी कमी. नेमका शिरांतील दाबाच्या उलट तोल. त्याने तसाच चढत्या क्रमाने सैल होणारा मोजा १९५० च्या सुमारास घडवला. पारेच्या हाताला जे जमले होते, ते आता कारखान्यात विणता येऊ लागले.

२१/२५
१९८८ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील गटाने चार थरांच्या पट्टीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. घोट्यावर सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका दाब अनेक दिवस टिकवणारी ही पट्टी होती. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या व्रणांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश १२ आठवड्यांत भरले. त्यानंतर लंडनमध्ये परिचारिकांनी चालवलेली वस्तीपातळीवरची व्रणकेंद्रे उभी राहिली आणि बरे होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. या उपचाराचे यश कापडात जितके होते, तितकेच शिकवलेल्या हातांत होते.

२२/२५
प्राणवायूच्या बाजूने १९९४ मध्ये स्वीडनमधून एक नेटका प्रयोग आला. १६ रुग्ण, निम्म्यांना उच्च दाबाच्या कक्षात शुद्ध प्राणवायू, निम्म्यांना त्याच कक्षात साधी हवा. कोणाला काय मिळते, हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. सहा आठवड्यांत, ३० सत्रांनंतर, पहिल्या गटातील व्रणांचे क्षेत्र सरासरी ३५.७ टक्क्यांनी घटले, दुसऱ्यातील २.७ टक्क्यांनी. फरक ठळक आहे. पण रुग्ण अवघे १६, आणि व्रण आक्रसणे व व्रण पूर्ण भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढील आढाव्यांनी नेमके याच मुद्द्यांवर सावधगिरी बाळगली.

२३/२५
पट्टी आणि प्राणवायू यांची समोरासमोर तुलना आयर्लंडमधील गॉलवे येथे झाली. २००९ मध्ये तेथील शल्यचिकित्सकांनी ८३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जखमेवर थेट प्राणवायू घेतलेल्या ४६ जणांपैकी ८० टक्क्यांचे व्रण १२ आठवड्यांत भरले, तर दाबपट्टीच्या ३७ जणांपैकी ३५ टक्क्यांचे. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. शिवाय चेरिंग क्रॉसच्या पट्टीने १२ आठवड्यांत तीन-चतुर्थांश व्रण भरले होते, तेही हट्टीच. रुग्ण वेगळे, काळ वेगळा, हे मान्य केले तरी ‘दाबपट्टी’ या एकाच शब्दाखाली किती भिन्न उपचार दडतात, हे या दोन आकड्यांतून कळते. तुलना करताना प्रतिस्पर्धी किती बलवान होता, हे आधी पाहावे लागते. आणखी एक बारकावा: या प्रकारच्या उपकरणात पायाभोवतीच्या वेष्टनातील प्राणवायूचा दाब लयीत वाढवला आणि उतरवला जातो. म्हणजे प्राणवायूच्या सोबतीने दाबही पायावर काम करत असतो. परिणामातील कोणता वाटा कोणाचा, हे अशा तुलनेतून वेगळे काढणे कठीण आहे.

२४/२५
मग निकाल काय? अनेक यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दाबपट्टी व्रण भरण्याचा वेग वाढवते, हे पक्के झाले आहे. मूळ गळक्या शिरेकडे लक्ष दिल्यास आणखी लाभ होतो. २००४ च्या ‘एस्चार’ चाचणीत ५०० रुग्ण होते. दाबपट्टीला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने व्रण भरण्याचा वेग वाढला नाही, पण वर्षभरात व्रण परतण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०१८ च्या ‘एव्ह्रा’ चाचणीत शीर आतून लवकर बंद केल्यावर व्रण भरण्याचा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. पट्टी दोन्ही गटांत होतीच. प्राणवायूचे स्थान आज पट्टीच्या जागी नसून, पट्टीला दाद न देणाऱ्या मोजक्या व्रणांसाठी पूरक उपाय म्हणून तपासले जात आहे. पट्टीलाही एक सक्त मर्यादा आहे. पायाच्या धमन्याच अरुंद असतील, तर घट्ट दाब उरलासुरला रक्तपुरवठा तोडू शकतो. म्हणून घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर आधी तपासतात, ते ०.८ च्या खाली असेल तर दाब सावधपणे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यावा लागतो. घरच्या घरी क्रेप पट्टी आवळणे हा या इतिहासाचा बोध नव्हे.

२५/२५
बोध वेगळाच आहे. काळ्या पित्ताच्या सिद्धान्ताने भरू शकणाऱ्या जखमा उघड्या ठेवल्या. साचलेल्या रक्ताचा सिद्धान्त एका मोजमापाने डळमळला. फायब्रिनच्या वेष्टनाचेही तेच झाले. सिद्धान्त येत गेले, जात गेले. पावलापासून गुडघ्यापर्यंत चढणारी पट्टी मात्र टिकली, कारण प्रत्येक पिढीने तिला आपल्या साधनांनी पुन्हा तपासले. प्राणवायूचा दावा खोटा ठरलेला नाही. त्याला त्याच कसोटीतून, पुरेशा रुग्णांवर आणि चांगल्या पट्टीच्या विरोधात, अजून जायचे आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर ज्यांना हवे आहे, ते लोक बदललेले नाहीत. एसटीचे वाहक, चौकातले वाहतूक पोलीस, खानावळीत उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या बाया, यांचे पाय आजही दिवसभर तोच भार वाहतात. व्होदव्हिल गव्हर्नर होता, म्हणून त्याच्या पायाला पारेसारखा हात लाभला. तो हात चौकातल्या माणसापर्यंत कसा पोहोचवायचा, हा प्रश्न १७९७ च्या ब्रिस्टलमध्ये होता तितकाच आजही खरा आहे.

#वैद्यकाचा_इतिहास #इतिहास_थ्रेड